फर्मेंटरचा वायू आणि ‘शून्य’चा रकाना

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत कार्बन डायऑक्साइडला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. ‘सीओटू मार’ एवढेच. सोडियम सिलिकेट मिसळलेली वाळू कोअरपेटीत (ओतीव भागाची पोकळी घडवणाऱ्या साच्यात) ठासायची, नळी खुपसायची, काही सेकंद वायू सोडायचा. वाळू दगडासारखी घट्ट होते. सिलिंडरमध्ये किती उरलाय ते गेज सांगत नाही, कारण आत द्रव असतो आणि तो संपेपर्यंत काटा जागचा फारसा हलत नाही. म्हणून सिलिंडर वजनकाट्यावर चढवतात. कोल्हापुरात या वायूचे माप काढायची सवय पडली ती अशी, किलोच्या दरापोटी. हवामानबदल हा शब्द नंतर आला.

हा वायू मिळण्याची एक जवळची जागा म्हणजे साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या. मोलॅसिस, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, आंबवले की साखरेची जवळपास निम्मी-निम्मी वाटणी होते: १८० किलो ग्लुकोजमागे ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड. (मुद्दाम मोलॅसिस म्हणतो. ‘मळी’ म्हटले की डिस्टिलरीवाला एक समजतो आणि शेतात प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) टाकणारा दुसरेच.) म्हणजे लिटरभर अल्कोहोलमागे पाऊण किलो वायू. दिवसाला ६०,००० लिटरची डिस्टिलरी धरली तर हिशेबाने ४५ टन. जोड ट्रॉलीच्या ट्रॅक्टरच्या दोन खेपांत येईल तेवढ्या उसाचे हे वजन, तेही रोज, फर्मेंटरच्या (आंबवायच्या टाकीच्या) डोक्यावरच्या पाइपातून. धूर नाही, रंग नाही, म्हणून तक्रारही नाही.

हा वायू जिवावर उठतो, हे या भागात जुनेच ज्ञान. हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यात, उतरण्याआधी दिवा सोडून तो विझतो का ते पाहायची रीत त्यातलीच. शास्त्राची वाट थोडक्यात सांगायची तर, हा वायू उष्णतेचे अदृश्य किरण शोषतो हे १८५९ मध्ये प्रयोगाने दिसले आणि हा वायू मोजणारी आजची बहुतेक यंत्रे त्याच गुणावर चालतात. नैसर्गिक वायूतून तो अमाइनच्या (अमोनियाच्या कुळातल्या रसायनाच्या) द्रावणात धुऊन काढायच्या पद्धतीचे पेटंट १९३० चे. हे द्रावण थंड असताना वायू धरते आणि तापवले की सोडते. पण सुटलेला वायू बहुतेक ठिकाणी सरळ हवेत जात असे. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बन कर बसवला, तेव्हा हिशेब बदलला. १९९६ पासून तिथल्या स्लाइपनर क्षेत्रात वेगळा काढलेला वायू समुद्रतळाखालच्या खडकात ढकलला जाऊ लागला, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास.

तिथे खर्च होतो तो वेगळे काढण्यावर. डिस्टिलरीत ते काम यीस्ट फुकट करते. वायू जवळपास शुद्धच निघतो; पाण्याने धुवा, कार्बनच्या थरातून काढा, सुकवा, दाबा आणि उणे २० अंशांना सुमारे २० बारवर द्रवरूपात टाकीत भरा. एवढे सोपे असून तो वर्षानुवर्षे वर सोडला गेला, याचे उत्तर यंत्रात सापडत नाही. ते नियमांत आणि एका शब्दात आहे.

२००३ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉलची सुरुवात झाली, २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी मोलॅसिस (ज्यातली साखर पूर्ण काढलेली नसते) आणि उसाच्या रसाचाही मार्ग मोकळा झाला आणि २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल वाढले तसा वायूही वाढला. मधल्या काळात, २०१४ मध्ये, साखर आणि डिस्टिलरीसह १७ अतिप्रदूषक उद्योगवर्गांना ऑनलाइन देखरेख यंत्रणा बसवायचा आदेश निघाला. आपल्याकडचा राग पंचगंगेवरचा होता, तरंगणाऱ्या मेलेल्या माशांवरचा. तेव्हा सांडपाण्यावर कॅमेरे आले, फ्लोमीटर आले, बॉयलरच्या चिमणीत धूलिकण मोजणारे यंत्र आले. फर्मेंटरच्या पाइपाकडे कोणी पाहिले नाही.

याला आधार मिळाला तो ‘जैवजन्य’ या शब्दाचा. ऊस वाढताना हवेतून जो कार्बन घेतो तोच आंबवताना परत जातो, तेव्हा हिशेबात तो शून्य, असा युक्तिवाद. तो चुकीचा नाही. पण उत्सर्जनाच्या मोजणीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना नीट वाचल्या तर जैवइंधन जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत धरू नका, वेगळा नोंदवा, असे त्यात आहे. मोजूच नका, असे नाही. आपल्याकडे वेगळ्या रकान्याचा रिकामा रकाना झाला. शिवाय स्पेंटवॉश (डिस्टिलरीचे सांडपाणी) जाळणाऱ्या बॉयलरला आधाराला बगॅस (उसाचा चोथा) लागतो किंवा कोळसा. चिमणीतल्या यंत्राला दोन्हींचा रेणू सारखाच. फरक कळतो तो कार्बन-१४ च्या चाचणीत (कोळशात तो उरलेला नसतो) किंवा इंधनाच्या काटापावतीत. उसाच्या काटामारीवरून रस्ता रोखणाऱ्या जिल्ह्यात कोळशाच्या काट्याबद्दल कोणी विचारत नाही, ही गंमतच.

‘पकडला’ हा शब्दही तितकाच निसरडा. शीतपेयात गेलेला वायू बाटली उघडली की सुटतो. फाउंड्रीच्या कोअरमध्ये त्यातला काही सोडियम कार्बोनेट होऊन वाळूत बसतो, तेवढीच जरा लांबची मुदत. खरी बचत एका ठिकाणी होते: खनिज इंधनापासून मिळवलेला वायू ग्राहकाने घेणे थांबवले तर. हे न सांगता टनांचे आकडे मिरवणे मला पटत नाही.

२०१८ पासून कॉम्प्रेस्ड बायोगॅसची लाट आली आणि तो ज्यापासून बनतो त्या प्रेसमडला भाव आला. बायोगॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन आणि बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो. गाडीत भरायचा तर तो वेगळा करावाच लागतो, पाण्याने, अमाइनने, पडद्यातून किंवा दाबाच्या चढउताराने. इथे गोम अशी की बाहेर सोडलेल्या वायूबरोबर थोडा मिथेनही निसटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात किलोमागे त्याची झळ कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट. घनमीटरमागे धरली तर जवळपास दहापट. १०० घनमीटर बायोगॅसमधला २ टक्के मिथेन निसटला तर १.२ घनमीटर गेला, म्हणजे १२ घनमीटर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे. ४० घनमीटर ‘शून्य’ म्हणून सोडून द्यायचे आणि हे १२ मोजायचेच नाहीत, अशा रीतीने कागद स्वच्छ राहतो.

२०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्सर्जन-तीव्रतेची (मालाच्या टनामागे किती उत्सर्जन) पहिली बंधनकारक लक्ष्ये आली ती ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा) आणि कागद या उद्योगांना. साखर आणि डिस्टिलरी त्यात नाहीत. त्यामुळे वायू विकणाऱ्या डिस्टिलरीतही मीटर सहसा असतो तो टाकीकडे जाणाऱ्या लाइनवर, बिलापुरता. टाकी भरली, गिऱ्हाईकाची गाडी आली नाही, की व्हॉल्व्ह फिरतो आणि वायू पुन्हा वरच्या पाइपातून जातो. त्या पाइपावर मीटर नाही.