गाबाचा अर्थ काय रे भाऊ?

१९ जानेवारी २०२१ ची दुपार आठवतेय ना, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर पंतनं चौका मारला, रहाणेची टीम जिंकली आणि पुढे आठवडाभर प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसतं गाबा गाबा चाललेलं, कारण १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया तिथे टेस्ट हरलीच नव्हती. पण गाबा म्हणजे काय हे तेव्हा कुणी विचारलं नाही, मीही नाही. मला वाटायचं कुणा साहेबाचं आडनाव असेल, आपल्या वानखेडेसारखं. नंतर कळलं की ब्रिस्बेनमध्ये वुलूनगाबा नावाचा भाग आहे, त्याचं हे शॉर्टकट, आणि वुलूनगाबा हा तिथल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी लोकांच्या भाषेतला शब्द. अर्थ शोधायला गेलो तर एक नाही दोन मिळाले. एक म्हणजे गरगर फिरणारं पाणी आणि दुसरा म्हणजे भांडणाच्या बोलाचालीची जागा. आता पाणी कुठे आणि भांडण कुठे! (क्रिकेटवाल्यांना दुसराच आवडणार हे सांगायला नको.)

हा गोंधळ एकट्या गाबाचा नाहीये. १७८८ साली इंग्रज सिडनीला वस्ती करायला उतरले तेव्हा त्या खंडावर अडीचशेच्या वर वेगवेगळ्या भाषा होत्या, आणि बोली नाही हां, भाषा. पण साहेबाला वाटलं सगळे एकच बोलतात. कांगारूचंच बघा. १७७० मध्ये कॅप्टन कुकचं जहाज उत्तरेला, आज जिथे कुकटाउन आहे तिथे, दुरुस्तीला काठावर ओढलं होतं, तेव्हा त्यांनी गुगु यिमिधिर भाषेतला गांगुरू हा शब्द टिपून घेतला. अठरा वर्षांनी सिडनीला आलेली मंडळी दोनेक हजार किलोमीटर दक्षिणेला तोच शब्द वापरायला लागली आणि तिथल्या लोकांनी तो जन्मात ऐकला नव्हता, त्यांना वाटलं हा इंग्रजीच शब्द असणार. वॉटकिन टेंच नावाच्या अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय की जहाजातून आणलेल्या गाई तिथल्याच कोलबी नावाच्या माणसाला दाखवल्या तर त्यानं विचारलं, हे कांगारू का? आणि ते कांगारू म्हणजे "मला माहीत नाही" असं जे फॉरवर्ड फिरतं ना, ते साफ खोटं आहे. १९७० च्या दशकात जॉन हॅविलँड या भाषाशास्त्रज्ञानं त्या भाषेचा अभ्यास केला तेव्हा गांगुरू हा शब्द तिथे व्यवस्थित सापडला, एका विशिष्ट जातीच्या मोठ्या कांगारूसाठी.

आता खरी मजा कानाची आहे. आपल्याला पोट आणि बोट वेगळं ऐकू येतं, पळ आणि फळ पण वेगळं. इंग्रजाला पोट-बोट कळतं पण पळ-फळ मध्ये तो अडखळतो, कारण त्याच्या भाषेत त्या फरकानं अर्थ बदलत नाही. बहुतेक ॲबोरिजिनल भाषांमध्ये तर पोट-बोटचाही फरक नाही, प म्हणा नाहीतर ब, शब्द तोच राहतो, आणि तसंच क-ग चं, त-द चं. त्यामुळे एकच नाव एका साहेबानं प नं लिहिलं, दुसऱ्यानं ब नं. सिडनीतलं पॅरामाटा आपल्या तिकडच्या मंडळींना चांगलंच माहितीये, शेजारच्या हॅरिस पार्कमध्ये तर भारतीय दुकानांची रांगच लागलीय, ते मुळात धारुग भाषेतलं बरामट्टा. इंग्रजांनी आधी त्याला रोझ हिल नाव दिलं होतं, १७९१ मध्ये ते बदलून पॅरामाटा केलं.

बरा म्हणजे वाम मासा. वाम येऊन पडून राहतात ती जागा, असा अर्थ सांगतात. नाव किती अचूक आहे बघा, खाडीचं खारं पाणी आणि नदीचं गोडं पाणी जिथे भेटतं नेमकी तिथेच ही जागा आहे. तिथली लांब पराची वाम वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात काढते, मग आयुष्यात एकदाच समुद्रात उतरून पार वर कोरल समुद्राकडे जाते, अंडी घालते आणि मरते, आणि काचेसारखी पारदर्शक पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत परत नद्यांच्या तोंडाशी येतात. तिथे राहणारे लोक स्वतःला बरामट्टगल म्हणवायचे, गल म्हणजे लोक, थोडक्यात आपलं कर. बरामट्टाकर!

उलट बाजूनं, ताक आणि टाक, मन आणि मण, बाल आणि बाळ हे फरक आपल्याला सहज कळतात आणि तसलेच फरक ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच भाषांमध्ये आहेत, काहींत तर जीभ चार वेगवेगळ्या ठिकाणी टेकवून चार वेगवेगळे त-ट काढतात. साहेबाच्या कानाला ते सगळे सारखेच, त्यामुळे नकाशावर येताना ते हरवले. मला तर वाटतं एखादा कोकणी कारकून वही घेऊन बसवला असता तरी अर्ध्या नावांची स्पेलिंगं सुधारली असती. आजकाल उलुरू (ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरचा तो प्रचंड लाल खडक) लिहिताना स्थानिक पद्धतीत र खाली रेघ मारतात, ती जीभ मागे वळवून काढायच्या र ची खूण आहे.

शेवटच्या अक्षरांवरून मुलूख ओळखायचा खेळ पण तिकडे चालतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण कोपऱ्यात मॅनजिमप, नॅनप, बॅलिंगप, जूंडलप अशी ढीगभर गावं आहेत. नूंगार भाषेत हा अप म्हणजे जागा, आपल्याकडे वडगाव मोरगाव असतं तसंच. किनाऱ्यापासून आत गेलं की त्याच अर्थानं इंग किंवा इन येतो, कटॅनिंग, नॅरोजिन, म्हणजे बोली कुठे बदलते ते नकाशावर दिसतं. त्यातलं एक काउरामप, जांभळ्या टोपीच्या छोट्या पोपटाची जागा. पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीलाच काउ दिसतं ना, म्हणून गावकऱ्यांनी रस्त्याच्या कडेला फायबरच्या काळ्यापांढऱ्या गाई उभ्या केल्यात. पोपट बिचारा राहिला बाजूला. कोलबीनं हे बघितलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे.

वॉगा वॉगा नावाच्या गावाचं पण असंच. विराजुरी भाषेत शब्द दोनदा म्हटला की पुष्कळ, आपण लहान लहान मुलं म्हणतो तसंच काहीसं. पिढ्यानपिढ्या शाळेत शिकवलं की वॉगा म्हणजे कावळा, म्हणून हे पुष्कळ कावळ्यांचं गाव. पण विराजुरी शब्दकोश करणारे स्टॅन ग्रँट सीनियर सांगत राहिले की अहो कावळ्याचा शब्द वागान, तो वेगळा, वागा म्हणजे नाच. २०१९ मध्ये नगरपालिकेनं ते मान्य केलं, आता अधिकृत अर्थ नाचगाण्याची, उत्सवाची जागा असा आहे.

काही नावं तर तिथली नाहीतच. क्वीन्सलँडच्या दक्षिण टोकाचं कूलनगॅटा हे १८४६ मध्ये तिथे फुटलेल्या जहाजाचं नाव आहे, आणि जहाजाला ते मिळालं खाली शोलहेवन नदीजवळच्या डोंगरावरून, म्हणजे नाव वाहत वाहत आलं. मरूचिडोर या गावाचं नाव म्हणजे काळ्या राजहंसाचा शब्द, पण तो ब्रिस्बेनकडच्या लोकांचा, १८४२ मध्ये अँड्र्यू पेट्रीबरोबर जे वाटाडे होते त्यांच्याकडून घेतलेला. तिथल्या स्थानिक गुब्बी गुब्बी भाषेत त्याच पक्ष्याला कुलुइन म्हणतात, आणि मरूचिडोरला लागूनच कुलुइन नावाचं उपनगर आहे. एकच पक्षी, दोन भाषा, दोन पाट्या म्हणा हवं तर.

आणि मेलबर्नची यारा नदी. १८३५ मध्ये जॉन वेज नावाच्या सर्व्हेयरनं नदीतल्या धबधब्याकडे बोट करून हे काय म्हणून विचारलं, समोरच्यांनी पाणी कसं खळखळ वाहतंय ते सांगितलं, आणि ह्यानं वहीत नदीचं नाव म्हणून यारा लिहून टाकलं. चूक त्याच्या नंतर लक्षात आली पण तोवर नाव चिकटलं होतं. तिथले वुरुंडजेरी लोक त्या नदीला बिरारुंग म्हणतात. बॉक्सिंग डे टेस्टला (२६ डिसेंबरला सुरू होणारी) आपली पब्लिक ढोल घेऊन गावातून चालत एमसीजीला, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला जाते ना, तेव्हा वाटेत नदीकाठी एक पार्क लागतं, मग पूल ओलांडला की स्टेडियम. त्या पार्कचं नाव बिरारुंग मार.