लिनक्सवर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बसत नसेल तर

उबुंटू किंवा मिंट वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

ड्रायव्हर टाकला, मशीन रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळी पडली, की पहिली शंका येते ती कार्ड गेल्याची. अशा वेळी कार्ड क्वचितच गेलेलं असतं. अख्खी सिस्टीम पुन्हा टाकायचीही गरज नसते, तेव्हा फॉरमॅट मारायची घाई करू नका.

आधी मॉनिटरची केबल बघा. ती कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात खोचलेली असते. हसू नका, सफाईनंतर हे हमखास होतं.

कार्ड एएमडीचं असेल तर घरगुती वापरासाठी वेगळा ड्रायव्हर शोधूच नका. तो कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो. पुढचं सगळं एनव्हिडियासाठी.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा

कंपनीच्या साइटवरची 'रन' फाइल टाकू नका. तिची नोंद अॅप्टकडे (उबुंटू-मिंटमध्ये सॉफ्टवेअर टाकणाऱ्या आणि अपडेट करणाऱ्या प्रोग्रामकडे) नसते, त्यामुळे पुढे अपडेटमध्ये कर्नल बदलला की ड्रायव्हर मागे राहतो. उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. तिथे ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' (उबुंटूत 'टेस्टेड') लिहिलंय तोच निवडा. मोठा आकडा म्हणजे चांगला ड्रायव्हर, असं इथे नसतं. जीटी ७१० सारख्या जुन्या कार्डाला ४७० ही शेवटची मालिका, तर जीटीएक्स १०५० ला ५८०. त्यापुढचा ड्रायव्हर टाकलात तर तो कार्डाला ओळखणारच नाही.

निळा स्क्रीन आला तर घाबरू नका

सगळ्यात जास्त गाडी अडते ती सिक्युअर बूटपाशी (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर आत घेणारी मशीनची सोय). ते चालू असेल तर डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलला जोडला जाणारा भाग) कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर बांधला (तयार केला) जाणार असेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात. कमीत कमी आठ अक्षरांचा, साधा ठेवा आणि कागदावर लिहा. रीस्टार्टनंतर निळा स्क्रीन येतो आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्यात कुठलंही बटण दाबा, 'एनरोल एमओके' (म्हणजे तुमच्या मशीनची सहीची किल्ली नोंदवा), मग 'कंटिन्यू', मग 'येस' करा आणि तोच पासवर्ड टाका. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, तरी ती पडत असतात.

बहुतेक जण इथे 'कंटिन्यू बूट' दाबून मोकळे होतात. मग ड्रायव्हर इन्स्टॉल झालेला दिसतो, पण टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवलं (इंग्रजी छोट्या अक्षरांत, मधे आडवी रेघ) की ड्रायव्हरशी बोलता येत नाही असा मेसेज येतो. कार्डाचं नाव आणि तापमान दाखवणारा तक्ता आला, तर काम झालं. मेसेजच आला तर 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की' चालवा, नवा पासवर्ड द्या आणि रीस्टार्ट करा. निळा स्क्रीन पुन्हा येईल.

बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंग्जमधून) सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा उपाय आहे खरा, पण शेजारी विंडोज आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) असेल तर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

कालपर्यंत चालत होतं, अपडेटनंतर बंद

चालू होताना एस्केप दाबून (जुन्या मशीनवर शिफ्ट धरून) ग्रबचा (चालू होताना सिस्टीम निवडायचा) मेनू आणा आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. त्यात स्क्रीन आला, म्हणजे नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधलं गेलेलं नाही. बहुधा हेडर्सचं (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइलींचं) पॅकेज नसतं. 'सुडो अॅप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' चालवा, मग ड्रायव्हर काढून पुन्हा टाका.

कुठल्याच कर्नलवर स्क्रीन येत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन मागितलं तर मशीन शाबूत आहे, फक्त चित्र अडकलंय.

एवढं करूनही जमलं नाही तर मशीन घेऊन या. मॉनिटर आणू नका, स्क्रीनवरच्या मेसेजचा मोबाइलवर फोटो काढून आणा. बायोसला पासवर्ड असेल तर तो सोबत असू द्या, आणि डेटाची कॉपी आधी काढून ठेवा.