पितळी वाद्यांपुढचा गळा

21 नोव्हेंबर 1934. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं अपोलो थिएटर, हौशी कलाकारांची रात्र. पुढे जॅझ गायिका म्हणून गाजलेली एला फिट्झजेराल्ड, तेव्हा 17 वर्षांची, खरं तर नाचायला आली होती. तिच्या आधी नाचून गेलेल्या बहिणींच्या जोडीचा नाच बघून तिचा धीर खचला, म्हणून ती गायली आणि बक्षीस घेऊन गेली. पुढच्याच वर्षी ती ड्रमवादक चिक वेबच्या बँडची गायिका झाली. हा बँड हार्लेमच्याच सवॉय बॉलरूममध्ये वाजायचा.

गायिका उभी कुठे राहायची ते डोळ्यांपुढे आणा. पाठीशी ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि ड्रम, समोर नाचणाऱ्या जोड्यांच्या बुटांचा ठेका. या गदारोळात एका मुलीचा गळा ऐकू जाणार कसा?

ऑपेरावाल्यांकडे याचं एक उत्तर होतं. वाद्यवृंदाचा जोर 500 हर्ट्झच्या (सेकंदाला 500 कंपनांच्या) आसपास असतो, त्याहून उंच सुरांकडे तो ओसरत जातो. पुरुष गायक घशाची ठेवण अशी करतात की 3000 हर्ट्झजवळ आवाजाला धार येते. तिथे वाद्यं दुबळी असतात आणि आपला कान नेमका तिखट असतो. गाण्याच्या आवाजाचा अभ्यास करणाऱ्या स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी 1970 च्या दशकात हे मोजून दाखवलं. वरच्या पट्टीत गाणाऱ्या स्त्रिया वेगळी युक्ती करतात. तोंडाची पोकळी ज्या सुराला सर्वांत जास्त घुमते तो तिचा अनुनाद; तोंड मोठं उघडून त्या हा अनुनाद थेट गायच्या सुरावर आणतात. आवाज दणदणीत होतो, पण आ, ई, ऊ सगळे सारखेच ऐकू येतात. नाचाच्या गाण्यात हे चालणार नाही, तिथे शब्द कळायला हवेत.

इथे मायक्रोफोन कामी आला. ओठ माइकपासून 10 सेंटिमीटरवर, ट्रम्पेट 3 मीटरवर. अंतर 30 पट, आणि आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते, म्हणजे गायिकेला 900 पट फायदा! (हा मोकळ्या मैदानातला हिशेब. हॉलच्या भिंतींवरून परतणारा आवाज त्यात घट करतो.) त्या काळच्या रिबन माइकमध्ये चुंबकाच्या ध्रुवांमधे ॲल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी असे. ती थरथरली की वीज निर्माण होई. पट्टी हलते ती तिच्या दोन बाजूंच्या दाबांतल्या फरकामुळे. फार जवळून गायलं की पुढची बाजू मागच्यापेक्षा बरीच जवळ पडते, आणि खालचे सूर फुगतात. आवाजाला एक उबदार गोलाई येते. आता बोलल्यासारखं, कानाशी गायलं तरी चालणार होतं.

माइकला कुबडी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. कुठल्या अक्षराला जवळ जायचं, कुठे मागे सरायचं, हे शिकावंच लागतं.

1938 मध्ये एका जुन्या बडबडगीतावरून केलेल्या ‘अ टिस्केट, अ टास्केट’ने एला घराघरात पोचली. जून 1939 मध्ये वेब वारला. बँड एलाच्या नावाने चालू राहिला, आणि 1942 मध्ये ती स्वतंत्रपणे गाऊ लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. गायकांना तो लागू नव्हता. बँडच्या पुढ्यातली खुर्ची सोडून गायक मध्यभागी आले, त्यात या संपाचाही वाटा आहे.

1970 च्या दशकात मेमोरेक्स कॅसेटच्या जाहिरातीत एलाच्या आवाजाने काचेचा पेला फुटायचा, मग टेपवरच्या आवाजानेही फुटायचा. टिचकी मारल्यावर पेल्यातून जो सूर निघतो, तोच जोरात लावून धरला तर काच इतकी थरथरते की तडकते. जोर लाऊडस्पीकर पुरवतो. सूर जरासा सरकला, तर पेल्याला काही होत नाही.