फोर बाय फोरचा लिव्हर अडकला? फोन करायच्या आधी हे वाचा

पावसाळ्यात दर सोमवारी सकाळी आमच्या गॅरेजला एकच फोन येतो, शनिवार-रविवारी चिखलात गेलो होतो, आता लिव्हर टू-एचला (फक्त मागची चाकं ओढतात, तिथे) येतच नाही, गिअरबॉक्स गेला का? दहातल्या आठ वेळा गिअरबॉक्सला काहीही झालेलं नसतं. म्हणून हा कागद.

थार, जिप्सी, जिम्नी, गुरखा ह्या गाड्यांचं फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे. म्हणजे फोर-एच (चारही चाकं ओढतात ते) टाकलं की ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा, पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) एकत्र बांधून टाकते, दोघांना एकाच स्पीडने फिरायला लागतं. पण वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत टायर थोडा घसरतो आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरीवर टायर घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये आणि आतल्या गिअरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड लागतं, वळताना गाडी कोणीतरी धरून ठेवल्यासारखी होते आणि लिव्हर दगडासारखा घट्ट बसतो.

खरी चूक इथेच होते. चिखलातून बाहेर आलो, चहा घेतला, गप्पा मारल्या आणि फोर-एचमध्येच अख्खा घाट उतरून घरी. काही लोक तर पावसात ग्रिप मिळते म्हणून हायवेलाच टाकून ठेवतात. ओल्या डांबरीवर पण नका टाकू, टायर तिथेही चांगलाच पकडतो.

अडकलाच तर लिव्हरला लाथ मारू नका (मारतात हो, वाकलेले लिव्हर आम्ही सरळ केलेत). स्टिअरिंग सरळ ठेवा, गाडी दहा-पंधरा फूट सरळ रिव्हर्स घ्या, मग लिव्हर हलक्या हाताने ओढून बघा. नाही आला तर मातीच्या रस्त्यावर नेऊन परत तेच. बहुतेक वेळा खट्ट आवाज येतो आणि सुटतो.

फोर-एल (चारही चाकं, पण हळू आणि जास्त जोर) मात्र गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, ऑटोमॅटिक असेल तर गिअर एनला (न्यूट्रल) घेऊनच टाका. आणि ट्रान्सफर केसचा लिव्हर एनला राहिला तर गाडी गिअरमध्ये किंवा पीमध्ये (पार्क) असली तरी उतारावर सरकते, हँडब्रेक ओढल्याशिवाय उतरू नका. जुन्या जिप्सीवाल्यांनो, पुढचे हब (पुढच्या चाकांच्या मधोमध असलेले लॉक) हाताने लॉक केले नसतील तर पुढची चाकं ओढणारच नाहीत, त्यासाठी टोचन लावून आणायची गरज नाही.

लोक म्हणतात नुसतं बघायचे पैसे का घेता. कारण आम्ही लगेच केस उघडत नाही. आधी चारही टायर मोजतो (मागे नवे आणि पुढे झिजलेले टाकले तरी हाच पीळ बसतो), मग चालवून बघतो, मग तुमच्यासमोर थोडं ऑइल काढून दाखवतो. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं म्हणजे पाणी गेलंय, ते बदलायलाच लागतं, तसंच चालवलं तर बेअरिंग जातात आणि मग खर्च खरंच मोठा होतो. एवढं बघून ऑइलवर भागणारं काम आम्ही ऑइलवरच भागवतो.

ओढ्यात बंपरच्या वर पाणी लागलं असेल तर त्याच आठवड्यात गाडी आणा, ट्रान्सफर केस, गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलचं (पुढच्या-मागच्या एक्सलवरचे गिअर) ऑइल एकदमच बघतो. ब्रीदरचा पाइप (आतली हवा बाहेर सोडणारी नळी, खाली असेल तर पाणी आत जातं) वर घ्यायचा असेल तर तेही तेव्हाच होऊन जातं. फक्त सोमवारी सकाळी नको, मंगळवारनंतर या.