स्टेरॉइडचे शेवटचे पाच मिलिग्रॅम

दमा, संधिवात अशा आजारांवर दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीचा डोस ४० मिलिग्रॅमवरून २० वर येतो तेव्हा बहुतेकांना फारसं काही जाणवत नाही. हाल सुरू होतात ते १० च्या खाली. अंग मोडून येतं, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, जेवणावरची वासना जाते, बारीकसारीक गोष्टींवर चिडचिड होते. मग रुग्ण एक तर मनानेच गोळी वाढवतो, नाहीतर वैतागून एकदम बंद करतो. दोन्ही चुकीचं, आणि दुसरं तर जिवावर बेतू शकतं.

याच टप्प्यावर त्रास का होतो? दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. निरोगी माणसात ते साधारण ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. बाहेरून त्याहून जास्त मिळू लागलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी ॲड्रिनलला हुकूम पाठवणं थांबवते. प्लॅस्टरमधल्या पायाची पोटरी जशी बारीक होते, तशी ही ग्रंथीही कामाविना आक्रसते. ४० वरून ३५ वर येताना कमी होतं ते औषध. ५ वरून अडीचवर येताना मात्र शरीराच्या रोजच्या गरजेलाच हात लागतो, आणि ग्रंथीनं ती तूट भरून काढेपर्यंत वेळ द्यावा लागतो. काहींना काही आठवडे पुरतात, काहींना वर्षही लागतं.

गोळ्या ३-४ आठवड्यांपेक्षा कमी दिवस घेतल्या असतील तर ग्रंथीपुरता प्रश्न सहसा येत नाही. त्याहून जास्त दिवस झाले असतील तर डोस टप्प्याटप्प्यानंच उतरवावा लागतो. ढोबळ रीत अशी: ४० च्या वर असताना आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅम कमी, ४० ते २० मध्ये एक-दोन आठवड्यांनी ५, २० ते १० मध्ये एक ते चार आठवड्यांनी १ ते अडीच, आणि १० च्या खाली तेवढ्याच अंतरानं फक्त १ मिलिग्रॅम. आजारानुसार डॉक्टर हे बदलतात, म्हणून हे आकडे वाचून स्वतःचा डोस ठरवू नका. आपली चिठ्ठी समजावी, एवढ्यासाठीच ते दिले आहेत.

खरी अडचण गोळीच्या ताकदीची. आपल्याकडे मेडिकलमध्ये ५ आणि १० च्या गोळ्या सहज मिळतात, १ मिलिग्रॅमची क्वचितच. त्यामुळे डॉक्टर अनेकदा एक दिवस साडेसात, दुसऱ्या दिवशी ५ असं लिहितात, म्हणजे सरासरी सव्वासहा पडते. चिठ्ठीवर नुसतं ‘एक गोळी, मग अर्धी’ असेल आणि पुढची पट्टी १० ऐवजी ५ ची आली, तर डोस नकळत निम्मा होतो. चिठ्ठीवर मिलिग्रॅमच लिहून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्या दिवशीचे मिलिग्रॅम लिहा आणि गोळी घेतली की खूण करा. गोळी सकाळी नाश्त्यानंतर, शक्यतो ९ च्या आत घ्यावी. रात्री घेतली तर झोप उडते आणि पहाटे उठणारा पिट्युटरीचा हुकूमही दबतो. यंत्रमागावर कायम रात्रपाळी करणाऱ्यांनी आपली वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोस उतरताना अंग दुखलं तर त्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात, आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं म्हणजे मूळ आजारच परत येतोय. त्याची खूण तो आजार स्वतःच देतो: दम्यात छातीत घरघर, संधिवातात सुजलेले सांधे आणि सकाळी तासभर न मोकळी होणारी बोटं, नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये (लघवीतून प्रथिनं जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार) पायांवर सूज आणि लघवीला फेस. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिसोन हे स्टेरॉइड पहिल्यांदा वापरलं, तेव्हाच दिसलं होतं की औषध थांबलं की दुखणं परत येतं. दुसरं कारण म्हणजे शरीराला लागलेली सवय. सूज नाही, तपासण्या ठीक, तरी सगळं अंग ठणकतं, मन उदास राहतं. डोस कमी केल्यावर काही दिवसांत हे सुरू होतं आणि बहुतेकदा त्याच डोसवर थांबलं की हळूहळू ओसरतं. तिसरं कारण ग्रंथी अजून जागी न झाल्याचं. त्यात मळमळ, उलट्या, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी, रक्तदाब कमी, वजन घटणं ही लक्षणं येतात. इथे वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

ठणका लागला की हात आपोआप डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेनकडे जातो. स्टेरॉइडसोबत या गोळ्यांनी जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल त्या मानानं सुरक्षित.

साखरेचं एक गणित फार जणांच्या लक्षात येत नाही. सकाळच्या प्रेडनिसोलोननं साखर वाढते ती दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची चांगलीच दिसते. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी तपासा. स्टेरॉइड उतरलं की इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळीही त्याच हिशोबानं उतरवावी लागते. ते राहून गेलं तर साखर घसरून घाम, थरथर, चक्कर येते, आणि घरचे ‘स्टेरॉइड सोडल्यामुळे अशक्तपणा आला’ असं समजून बसतात.

ताटाकडे वळू. सोलापुरी जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आलीच. भाकरी राहू द्या, पण डोस जास्त असेपर्यंत मिठाच्या चटण्या, पापड, लोणची कमी करा. अंगावर सूज आणि रक्तदाब यांनी वाढतो. हाडांसाठी दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व लागतं. ज्वारीतून ते फारसं मिळत नाही: १०० ग्रॅम पिठात ३० मिलिग्रॅमही नसतं. तेवढ्याच नाचणीत ३५० च्या आसपास असतं, आणि पेलाभर दुधात सुमारे २४०. आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची भाकरी आणि रोज दही-ताक हा सोपा बदल आहे.

मांड्यांचे स्नायू स्टेरॉइडनं झिजतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढवत नाही. हात न लावता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा, एवढ्यानंही काही आठवड्यांत फरक पडतो. पण जांघेत खोल दुखत असेल आणि चालताना लंगडायला होत असेल तर व्यायाम थांबवा. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याची ती सुरुवात असू शकते. साध्या एक्स-रेमध्ये ती सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागतो. स्टेरॉइडनं चेहऱ्याला आलेला गोलवा मात्र डोस उतरला की काही महिन्यांत आपोआप जातो.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जुलाब-उलट्यांकडे दुर्लक्ष करू नका. एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, थोडं थोडं करून. ताप आला की शरीराला जास्त कॉर्टिसॉल लागतं आणि झोपलेली ग्रंथी ते देऊ शकत नाही. १० च्या खाली असलेल्यांना डॉक्टर अशा वेळी सहसा तापापुरते दिवसाला १० मिलिग्रॅम देतात, सकाळ-संध्याकाळ ५-५. हे आधीच लिहून घ्यावं. गोळी उलटून पडत असेल तर घरी थांबू नका, हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं. उपवास आणि रोजाही या काळात विचारूनच करावा.

५ च्या जवळ आल्यावर कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करतात. नमुना सकाळी ८ ते ९ दरम्यान, आदल्या दिवशीच्या गोळीनंतर २४ तासांनी द्यायचा. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून पहिल्या एसटीनं येणाऱ्यांनी गोळी खिशात आणावी आणि रक्त दिल्यावर खावी. आधी घेतली तर निकाल फसवा येतो. डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर आकडा आला तर ग्रंथी जागी झाली असं मानतात. ५ च्या खाली आला तर तोच डोस ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासतात.

इतर औषधंही सांगा. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन प्रेडनिसोलोन झपाट्यानं निकामी करतं. गजकर्णावरचं इट्राकोनाझोल उलट काही स्टेरॉइडांचा परिणाम वाढवतं, मिथाइलप्रेडनिसोलोनचा तर बराच. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. अशी पुडी महिनोन्महिने घेतली असेल तर ती एकदम सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

गोळी बंद झाल्यावरही वर्षभर खिशात एक कागद ठेवा: औषधाचं नाव, सर्वात जास्त डोस, किती महिने घेतलं, कधी थांबवलं. दात काढायचा असो की हर्नियाचं ऑपरेशन, भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो आधी दाखवायचा, म्हणजे त्या दिवशी हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं की नाही ते ठरवू शकतील.