पुण्यातील एकदिवसीय पास आणि सुटे तिकीट

सुटीच्या दिवशी पुणे बघायला निघालेल्या माणसाला बस आणि मेट्रोचे भाडे दोन प्रकारे भरता येते. प्रत्येक प्रवासाचे वेगळे तिकीट काढायचे, किंवा सकाळीच दिवसभराचा पास घेऊन मोकळे व्हायचे. पास म्हटला की तो स्वस्तच पडणार, असा सर्वसाधारण समज असतो. पुण्यात तो अर्धाच खरा ठरतो. शहराच्या टोकाला मुक्काम असेल तर बसचा पास हमखास परवडतो. पेठांमध्ये उतरलेल्याला तो क्वचितच परवडतो. मेट्रोचा पास तर शनिवार-रविवारी जवळजवळ कोणालाच परवडत नाही.

बसचा पास

पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांत पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या, म्हणजे पीएमपीएमएलच्या, बस धावतात. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन जुन्या बससेवा २००७ मध्ये एकत्र येऊन हे महामंडळ झाले. जुने पुणेकर आजही या बसला पीएमटीच म्हणतात.

१ जून २०२५ पासून बसचे दर बदलले. पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, १० किलोमीटरपर्यंत २०, १५ पर्यंत ३०, २० पर्यंत ४० आणि २५ पर्यंत ५० रुपये अशी आता टप्प्यांची रचना आहे. त्याआधी एका महापालिकेच्या हद्दीत फिरण्याचा दैनंदिन पास ४० रुपयांना आणि दोन्ही हद्दींचा ५० रुपयांना मिळत असे. आता दोन्ही शहरांना मिळून ७० रुपयांचा एकच पास आहे. हद्दीबाहेरच्या पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, क्षेत्रासह सगळीकडे चालणारा पास १२० वरून १५० रुपयांवर गेला.

पुण्यातल्यापुण्यात फिरणाऱ्या पाहुण्याला ही वाढ चांगलीच जाणवते. पूर्वी ४० रुपये वसूल करायला फार खटपट लागत नसे. आता ७० रुपये वसूल व्हायचे तर दहा-दहा रुपयांचे सात प्रवास करावे लागतात, आणि आठव्यापासून फायदा सुरू होतो. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, दगडूशेठ, तुळशीबाग, मंडई, विश्रामबागवाडा आणि केळकर संग्रहालय ही सगळी ठिकाणे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. सदाशिव किंवा नारायण पेठेत उतरलेला माणूस दिवसभरात पर्वतीला जाऊन आला, संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर बघून आला, तरी त्याची तिकिटे मिळून पन्नास रुपयेही होत नाहीत. त्याने पास घेऊ नये.

पिंपरी-चिंचवडच्या टोकाला निगडीत नातेवाइकांकडे उतरलेल्याचे गणित याच्या नेमके उलट आहे. निगडीहून मनपा भवनापर्यंतचे अंतर १५ ते २० किलोमीटरच्या टप्प्यात येते, म्हणजे एका बाजूचे ४० रुपये. जाऊन-येऊनच ८० होतात. सकाळी पहिल्याच बसमध्ये ७० चा पास घेतला की परतीच्या प्रवासातच दहा रुपये वाचतात, आणि मध्ये कात्रजचे प्राणिसंग्रहालय, सारसबाग, कॅम्प असे कितीही फिरले तरी जादा काही पडत नाही. (कात्रजचे संग्रहालय बुधवारी बंद असते, हे मुले बरोबर असतील तर आधीच लक्षात घ्यावे.) हडपसर, वाघोली, भोसरी अशा टोकाच्या भागांतून येणाऱ्यांनीही हाच हिशेब करून पाहावा. एका बाजूचे तिकीट ३० रुपयांचे असेल आणि मधे एक छोटा प्रवास होणार असेल, तर पास आणि तिकिटे बरोबरीत येतात. दुसरा छोटा प्रवास झाला की पास जिंकला.

पास त्या तारखेपुरता असतो, घेतल्यापासून चोवीस तासांचा नव्हे. दुपारी चारला घेतलेल्या पासाचे सत्तर रुपये वसूल होणे कठीण. तो बसमध्ये कंडक्टरकडे मिळतो, ‘आपली पीएमपीएमएल’ या मोबाइल ॲपवरही काढता येतो. पास माणशी असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही, म्हणून ओळखपत्र जवळ असलेले बरे. चौघांच्या कुटुंबाला २८० रुपये लागतात, तेव्हा ‘सगळ्यांनाच पास घेऊन टाकू’ म्हणण्याआधी दिवसाचा मार्ग कागदावर मांडावा.

पैशापलीकडेही पासाला मोल आहे. स्वारगेटहून सुटलेल्या भरगच्च बसमध्ये कंडक्टर गर्दीतून वाट काढत येतो, ‘सुट्टे द्या, सुट्टे’ म्हणतो, आणि एका हाताने वरचा दांडा धरून दुसऱ्या हाताने खिसा चाचपणाऱ्या पाहुण्याची त्रेधा उडते. पासवाला नुसता ‘पास’ म्हणून हात वर करतो. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय बसमध्ये आल्यापासून हा त्रास कमी झाला आहे, पण गर्दीत मोबाइल काढून कोड स्कॅन करणे वयस्कर माणसाला जमतेच असे नाही. म्हणून ज्येष्ठ पाहुणे बरोबर असतील तर हिशेबात वीस-तीस रुपये जास्त गेले तरी त्यांना पास काढून द्यावा, असे या नोंदीचे मत आहे. शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंतचे अंतर तरुणांना काहीच वाटत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एका थांब्यासाठीही बसमध्ये चढता येणे ही मोठी सोय असते.

हद्दीबाहेरची ठिकाणे

सिंहगड, आळंदी आणि देहू ही पाहुण्यांची आवडती ठिकाणे दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे ७० रुपयांचा पास पुरत नाही. शनिवारवाड्यावरून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत ५० क्रमांकाची बस जाते. २५ ते ३० किलोमीटरच्या टप्प्याला ६० रुपये पडतात, म्हणजे जाऊन-येऊन साधारण १२०. नुसता सिंहगड करून घरी परतायचे असेल तर १५० चा पास तोट्याचा आहे. त्याच दिवशी उतरून आल्यावर शहरातही दोन-तीनदा बसने फिरणार असाल, तरच तो घ्यावा.

मेट्रोचा पास

६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी या दोन तुकड्यांवर मेट्रो सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये ती रामवाडीपर्यंत आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मार्गाने स्वारगेटपर्यंत पोहोचली. दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात मिळतात. पर्यटकाच्या दृष्टीने खरा बदल झाला तो कसबा पेठ आणि मंडई या भुयारी स्थानकांमुळे. जुन्या शहराच्या ऐन गाभ्यात, वाहतूक कोंडीत न अडकता उतरता येऊ लागले. आगाखान पॅलेसला जायचे तर कल्याणीनगर स्थानक सोयीचे.

या मेट्रोचे तिकीट १० ते ३५ रुपयांचे आहे आणि दैनंदिन पास १०० रुपयांचा. सर्वांत लांबचे तिकीटच ३५ चे असल्याने शंभर रुपये भरून निघायला तसे तीन लांब प्रवास करावे लागतात. शनिवार-रविवारी तिकिटावर ३० टक्के सवलत असते, त्यामुळे ३५ चे तिकीट साधारण २५ ला पडते. मग पासाने फायदा व्हायला शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच वेळा जावे लागेल. सुटीचा दिवस शनिवार-रविवारीच येणार असेल तर मेट्रोचा पास विसरून जावे आणि सुटे तिकीट काढावे. वरचेवर येणाऱ्याला मेट्रोचे कार्ड बरे, त्यावर इतर दिवशी १० टक्के सूट मिळते. विद्यार्थ्यांच्या कार्डावर ३० टक्के सूट आहे.

बसचा पास मेट्रोत चालत नाही आणि मेट्रोचा बसमध्ये चालत नाही. अर्धा दिवस मेट्रो आणि अर्धा दिवस बस असा बेत असेल तर बहुधा कुठलाच पास परवडत नाही.

गणेशोत्सवात

गणपतीच्या दहा दिवसांत हा सगळा हिशेब बदलतो. संध्याकाळनंतर लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता वाहनांना बंद होतात, बसचे मार्ग वळवले जातात, आणि ज्या भागासाठी पास घेतला तिथेच बस जात नाही. रात्रीच्या जादा बसना वेगळे भाडे असते आणि मध्यरात्रीनंतर पास चालेलच असे धरून चालू नये. या दिवसांत मेट्रो उशिरापर्यंत धावते. देखावे पाहायला तिचे सुटे तिकीट सर्वांत चांगले. मंडईला उतरून कसब्याला चढले तर एकाच स्थानकातल्या गर्दीत दोनदा शिरावे लागत नाही.

एसटीच्या सवलती

बाहेरगावहून येणाऱ्यांचा एक गोंधळ स्वारगेटला रोज पाहायला मिळतो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. एसटीतून उतरून समोरच्या पीएमपीत चढलेल्या बाईंना मात्र पूर्ण तिकीट पडते, कारण ती योजना राज्य परिवहन महामंडळाची आहे, शहर बससेवेची नव्हे. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पासही शहर बसमध्ये दाखवून उपयोग नसतो. महिनाभर राहायला आलेल्यांनी मात्र दैनंदिन पासाच्या फंदात पडू नये. पीएमपीएमएलचा दोन्ही शहरांचा मासिक पास १५०० रुपयांना मिळतो.