दर विद्यार्थी खर्च: भागाकार कुठे फसतो
एकूण खर्चाला विद्यार्थिसंख्येने भागायचं आणि आकडा मोठा आला की सरकारी विद्यापीठ उधळं ठरवायचं, हा हिशेब जुना आहे आणि चुकीचाही. बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ (१९४९) एकात्म आहे: शिकवणं त्याच्याच विद्याशाखांत, म्हणून प्राध्यापकांचे पगारही त्याच्याच वहीत. संलग्न महाविद्यालयांवर चालणाऱ्या विद्यापीठात विद्यार्थी भरमसाट, पण त्यांना शिकवणाऱ्यांचे पगार महाविद्यालयांच्या खात्यात. भागाकार स्वस्त दिसणारच!

तुलना करायचीच तर निवृत्तिवेतन, वसतिगृह, संशोधन अनुदान आधी बाजूला काढा. मग आवारात शिकणारेच मोजा, पीएचडीचे वेगळे. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि वाणिज्याचा भरगच्च वर्ग एका सरासरीत कोंबू नका. रिकाम्या जागाही बघा. अर्ध्या वर्गालाही प्राध्यापक पूर्णच लागतो.